डोळ्यांतला तिसरा ठिपका

३ जानेवारी, रविवार

नव्या घरात आजचा पहिला दिवस, आणि पहिला बळी माझ्या डाव्या नडगीचा. इतिहासाने याची नोंद घ्यावी.

हॉलच्या मधोमध एक लोखंडी फिरतं स्टूल आहे. मधोमध म्हणजे जिथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या घरात मोकळी जागा असते तिथे. दारातून सोफ्याकडे जा, सोफ्याकडून स्वयंपाकघरात जा, नाहीतर आलात तसे परत जा. ते जकातनाक्यासारखं बसलेलं असतं आणि जकात नडगीने भरावी लागते. मी सकाळपासून इतकी भरली की आता या घराचा निम्मा मालक मीच असायला हवा.

उचलून खिडकीशी ठेवलं, तर दुपारी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणकाकू आल्या आणि बोलता बोलता त्यांनी ते परत मध्ये आणून ठेवलं. म्हणाल्या, असू द्या तिथेच, त्याला तिथली सवय आहे. स्टुलाला सवय! मी तोंड उघडणार तेवढ्यात हिने डोळे वटारले. पहिल्याच दिवशी घरमालकिणीशी वाकडं नको, हा हिचा नियम. दुसऱ्या दिवसापासून चालतं.

बाकी घर झकास आहे. हवा खेळती, शेजारी मुका, नळाला पाणी. हॉलमागे एक अरुंद पॅसेज आहे, तो मागच्या खोलीत जातो. पॅसेजच्या तोंडाशी फरशी दोन पावलांएवढी झिजली आहे, आणि तिथल्याच भिंतीवर खांद्याच्या उंचीला कोपराएवढा तेलकट डाग आहे. नवा रंग दिलाय, तरी डाग रंगातून वर आलाय. जुना भाडेकरू तिथे टेकून कोणाची वाट बघायचा कोण जाणे.

आम्ही इथे आलो ते हिच्यामुळे. ही इथल्या शाळेची नवी मुख्याध्यापिका. मी हिच्याबरोबरचं सामान. माझं वर्तमानपत्रातलं विनोदी सदर संपादकांनी गेल्या महिन्यात बंद केलं. म्हणाले, लोकांना आता हसायला वेळ नाही. मी म्हणालो, वाचून हसायला नसेल, तुमच्याकडे बघून हसतातच.

संध्याकाळी फ्यूज गेला. मी दुरुस्त केला. ही बॅटरी धरून उभी राहिली आणि लग्न झाल्यापासून चालत आलेला संवाद पुन्हा झाला. मी म्हणालो, इकडे धर, माझ्या डोळ्यांवर नको, जरा वर, हलू नकोस. ही म्हणाली, एकदा मी दुरुस्त करते, तुम्ही बॅटरी धरून बघा, हात खांद्यातून गळून पडतो की नाही ते कळेल. मी नेहमीसारखं म्हणालो, पुढच्या वेळी. ही म्हणाली, तुमची ही पुढची वेळ माझ्या तेराव्याला येणार.

६ जानेवारी, बुधवार

धाकट्या मेव्हण्याचं पार्सल आलं. याला सहा महिन्यांनी नवा छंद लागतो आणि जुन्या छंदाचं सामान आमच्याकडे येतं. मासे आले, मासे गेले. टेलिस्कोप आला, त्यावर आता टॉवेल वाळतात. या वेळी कॅमेरा, दोन बिनतारी फ्लॅश, दोन स्टँड आणि एक पांढरी छत्री. फोनवर म्हणाला, भाऊजी, सदर गेलं तर गेलं, घरच्या घरी पोर्ट्रेट काढा, ताईला समोर बसवा, वेळही जाईल आणि तुमची चिडचिडही. पुढे म्हणाला, त्यात माणसाला न बोलता बघावं लागतं. मेव्हण्यांच्या टोमण्यांना उत्तर देऊ नये. ते वाढतात.

मग इंटरनेटवरच्या एका दाढीवाल्याकडून शिकायला बसलो. सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही. तो माणसापासून लांब, बाजूला, स्टँडवर. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो ट्रिगर नावाची एक डबी. बटण दाबलं की ती रेडिओने सांगते, लागा, आणि सगळे फ्लॅश एकदम लागतात. एक छत्रीतून मोठा, मऊ. दुसरा बाजूने, लहान, सावली फिकी करायला. सासू आणि नणंद, असं मी लक्षात ठेवलं.

डबीवर ए, बी, सी असे तीन गट आहेत. माझे फ्लॅश दोन. सी बंद कसा करायचा ते पुस्तिकेत चिनी भाषेत आणि मुंगीच्या अक्षरात दिलं आहे. राहू दे म्हटलं. जेवायला दोघं असताना तिसरं पान मांडलं म्हणून काय बिघडतं?

१० जानेवारी, रविवार

दुपारी पडदे ओढले आणि हिला स्टुलावर बसवलं. त्या स्टुलाचा अखेर उपयोग झाला. उंची अशी की छत्री बरोबर गालावर. फिरवून पाहिलं, चेहरा तिरका हवा तेवढाच तिरका. जणू याच कामासाठी ठेवलेलं.

पहिले फोटो पोलिसांनी पकडून आणलेल्या बाईचे आले. ही म्हणाली, छान, शाळेच्या फाटकावर लावते, मुलं वेळेवर येतील. मग छत्री जवळ घेतली, नणंद लांब नेली, आणि एक फोटो असा आला की हिने कॅमेराच माझ्या हातून काढून घेतला. ही दमलेली दिसत होती, पण ते दमणं छान दिसत होतं. माणूस दिवसभर दुसऱ्यांसाठी उभा राहून संध्याकाळी एकदाचा टेकतो ना, तसं.

दाढीवाला सांगतो की फोटो मोठा करून डोळ्यांत बघा. दिव्याचा ठिपका बुबुळात उमटतो. डोळा कधी खोटं बोलत नाही. किती दिवे, कुठे, किती लांब, सगळं तिथे लिहिलेलं असतं. दिवा लांब तर ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा, दिवा जवळ आणला की ठिपका मोठा. मी मोठं करून पाहिलं. डावीकडे छत्रीचा गोल. उजवीकडे नणंदेचा ठिपका. आणि दोन्हींच्या मध्ये, जरा वर, टाचणीच्या टोकाएवढा तिसरा.

स्टीलचं भांडं चमकलं असेल. आमच्या घरात फक्त भांडीच चमकतात.

१३ जानेवारी, बुधवार

फोटो मेव्हण्याला पाठवला. त्याचा लगेच फोन. भाऊजी, तिसरा फ्लॅश कधी घेतलात? म्हणालो, नाही घेतला. तो हसला. म्हणाला, मला शिकवू नका, हनुवटीखालची सावली अशी पुसायला समोरून, उंचावरून हलकाच तिसरा लागतो, आणि तो कोणीतरी मुरलेल्याने धरलेला आहे, सोबतीला कोण मिळालं तुम्हाला तिकडे?

मी काय म्हणालो? म्हणालो, ते गुपित आहे. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझं कौतुक केलं होतं. ते मी परत करणार होतो की काय!

फोटो शाळेतही फिरला. शिक्षकांनी हिला सांगितलं, मॅडम, तुम्ही इतक्या चांगल्या दिसता हे आम्हाला माहीतच नव्हतं. हिने ते मला जेवताना दोनदा सांगितलं.

१७ जानेवारी, रविवार

आज लिहायला जरा वेळ घेतला. आधी दारं बघून आलो.

दुपारी हीच म्हणाली, बसते, आणखी काढा. काढले. सगळे सुंदर. डोळ्यांत तिसरा ठिपका आता मोहरीएवढा. मग म्हटलं, छडा लावूच. दाढीवाल्याने एक चाचणी सांगितली आहे. फ्लॅश लावायच्या आधी, सगळे बंद ठेवून, एक फोटो काढायचा. कॅमेऱ्याची पापणी इतकी झटकन मिटते की खोलीतला साधा उजेड आत शिरेपर्यंत दार लागलेलं असतं. फोटो ठार काळा यायला हवा. काळा आला म्हणजे पुढे जे काही दिसेल ते फक्त आपल्या फ्लॅशचं. नवशिक्यांनी ही पायरी गाळू नये असं तो म्हणाला होता. मी गाळली होती.

दोन्ही फ्लॅशमधले सेल काढले. कॅमेऱ्यावरची डबीही काढली. पडदे घट्ट. हिला म्हणालो, हलू नकोस. बटण दाबलं.

काळा आला नाही.

हिचा चेहरा होता, मंद, समोरून उजळलेला. पोटावर आणि मांडीवर माझी सावली होती, डोकं, खांदे, कॅमेरा धरलेले दोन्ही कोपर. म्हणजे दिवा माझ्या पाठीमागे होता, वर. आणि माझ्या सावलीच्या बाजूला आणखी एक सावली. दंड, कोपर, वर उचललेला हात.

माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते.

पाठीमागे पॅसेज आहे. जाऊन पाहिलं. पॅसेज आहे, एवढंच.

हिला सांगितलं नाही. म्हणालो, कॅमेऱ्यात बिघाड आहे. ही डोळे चोळत म्हणाली, मग आता पुरे, मला समोर नुसता पांढरा ठिपका दिसतोय.

२० जानेवारी, बुधवार

मेव्हण्याला विचारून डबीतला सी गट बंद केला. त्याने विचारलं, तो चालू होता? इतके दिवस? म्हणाला, रेडिओचं असं असतं भाऊजी, त्याच चॅनेलवर आसपास कोणाचा फ्लॅश असेल तर तुमच्या बटणावर तोही लागतो. म्हणजे तुम्ही इतके दिवस कोणाला तरी हाक मारत होतात आणि ते बिचारं येत होतं. तो हसत होता. मलाही हसू आणायला हवं होतं.

स्टूल गॅलरीत ठेवलं.

हिचा ठिपका गेलेला नाही. फ्लॅशकडे बघितलं की डोळ्यांपुढे पांढरं राहतं, ते मिनिटाभरात जातं. तिसरा दिवस आहे. वहीवर नजर टाकली की मधल्या शब्दावर पांढरं. ही म्हणते, दमले असेन. तिला दमायची सवय आहे, म्हणून तिला सगळं दमल्यासारखंच वाटतं.

२३ जानेवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आत, बाहेर, थेंब घालून, यंत्रावर हनुवटी टेकवून सगळं तपासलं. म्हणाले, डोळे तिशीतल्या बाईचे आहेत. मग विचारलं, आत्ता समोर कुठे दिवा चालू आहे का? खोलीत अंधार होता. म्हणाले, बुबुळात प्रतिबिंब दिसल्यासारखं वाटलं, माझीच काच असेल. काच पुसली. पुन्हा बघितलं. मग आम्हाला लवकर वाटेला लावलं.

वाटेत ही म्हणाली, अहो, खरं सांगू का, ठिपका नाहीये तो. कोणीतरी दिवा धरून उभं आहे असं वाटतं. आणि त्याचा हात थरथरतोय.

२४ जानेवारी, रविवार

शाळेतून आल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी मी अंघोळीला गेल्यावर, ही स्टूल आत आणते आणि मध्ये बसते. आज बाहेर आलो तर बसलेली. भिंतीकडे बघत, पाठ ताठ, चेहरा तिरका, हवा तेवढाच. ऊठ म्हणालो तर म्हणाली, उठते, दिवा गेला की उठते.

मी चूक केली ती इथे. मला कळायला हवं होतं की दिवा किती जवळ आला आहे. कॅमेरा घेतला. ना फ्लॅश, ना डबी. एकच काढला.

स्वच्छ, उजळ. आजवरचा सगळ्यात सुंदर. माझी सावली हिच्या अंगावर नाही.

हे मला नीट समजून घ्यायला दुपार गेली. दिवा माझ्या पाठीमागे असेल तर माझी सावली पडेल. पडली नाही, कारण दिवा आता माझ्या पुढे आहे. पॅसेजमधून निघाला, माझ्या खांद्यावरून गेला. माझ्या आणि हिच्या मध्ये.

डोळ्यातला ठिपका वाटाण्याएवढा. त्यात बोटांसारखं काहीतरी.

२७ जानेवारी, बुधवार

घरमालकीणकाकूंकडे जाऊन बसलो. आधी हवापाणी झालं. मग सरळ विचारलं, स्टूल कोणाचं?

आधीचा भाडेकरू फोटोवाला. घरातच पोर्ट्रेट काढायचा. हात चांगला होता, काकू म्हणाल्या, माझाही काढला होता, त्यात मी माझ्या बहिणीपेक्षा बरी दिसत होते, म्हणून तिने तो फाडला. दोन दिवे स्टँडवर. तिसऱ्या दिव्याला स्टँड नव्हता, घेतो घेतो म्हणायचा. तो त्याची बायको धरायची. पॅसेजच्या तोंडाशी, हात वर करून, भिंतीला कोपर टेकून. तो ओरडायचा, वर, जरा वर, हलू नको. खालपर्यंत ऐकू यायचं. भाजी घ्यायला उतरली तरी बाईचा उजवा हात अर्धवट वरच. मुलं चिडवायची.

ती म्हणायची, माझा एक काढा. तो म्हणायचा, शेवटचा तुझा. रोज शेवटचा तुझा. मग शेवटी गिऱ्हाईक यायचं.

बाई गेली तेव्हा घरात हजारो फोटो निघाले आणि तिचा एकही नाही. फक्त कुठे कुठे, कोपऱ्यात, हाताची सावली. तो महिन्याभरात घर सोडून गेला. काकूंना सांगून गेला, स्टूल हलवू नका, तिची पाळी व्हायची आहे.

काकू म्हणाल्या, तशी वाईट नव्हती हो ती. फार दमलेली होती.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर तुम्ही लेखक माणूस, त्यावर विनोद केला असता.

केलाच असता.

३० जानेवारी, शनिवार

हिने शाळेतून रजा घेतली. फळ्याचा मधला भाग दिसत नाही, मुलांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त कडेचे कान. हसत म्हणाली, कान पिरगळायला तेवढे पुरतात. मग रडली.

फ्लॅश, छत्री, सगळं खोक्यात बांधलं. काही फरक नाही. आता बटणाची गरज नाही त्या दिव्याला.

दुष्टपणा नाही यात. तेच वाईट आहे. ती फक्त स्टुलाकडे चालली आहे. तिची जागा आहे, तिची पाळी आहे. आणि तिथे माझी बायको बसली आहे, कारण मी बसवली. रोज एक पाऊल. दिवा स्टुलाला टेकेल तेव्हा हिच्या डोळ्यांत दुसऱ्या कशाला जागा राहणार नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

मेव्हणा येऊन हिला घेऊन गेला. जाताना चाचपडत बाहेर पडली आणि स्टुलाला नडगी आपटली. म्हणाली, आता मीही भरली जकात. मला म्हणाली, तुम्ही चला. म्हणालो, येतो, आवरून.

संध्याकाळी फोन. तिथेही तेच. ठिपका बरोबर गेला आहे. मोठा होतो आहे. मेव्हण्याचा आवाज पहिल्यांदाच हसत नव्हता.

२ फेब्रुवारी, मंगळवार

खोकी उघडली. दोन्ही फ्लॅश लावले, छत्री लावली, नीट, दाढीवाल्याने शिकवलं तसं. स्टूल रिकामं ठेवलं. मोठ्याने म्हणालो, बसा. शेवटचा तुमचाच. इतक्या आदराने मी संपादकांशीही बोललो नव्हतो.

पुष्कळ काढले. रिकामं स्टूल. भिंतीवर उचललेल्या हाताची सावली. स्टुलाच्या अगदी शेजारी उभी. बसत नाही.

कळलं. कशी बसेल? हातात दिवा आहे. हात सोडला तर गिऱ्हाईकाचा फोटो बिघडेल, तो ओरडेल. कोणीतरी तो धरायला हवा. तिला एवढंच हवं आहे. कोणीतरी म्हणावं, द्या इकडे, मी धरतो.

३ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

कॅमेरा स्टँडवर. दर मिनिटाला आपोआप फोटो काढेल असा लावला आहे. तिसरा फ्लॅश नाही. आमची घरातली बॅटरी आहे, फ्यूजवाली. तीच घेतली. पॅसेजच्या तोंडाशी उभा राहिलो. पाय झिजल्या जागी बरोबर बसले. कोपर डागावर बसला.

म्हणालो, द्या, मी धरतो.

बॅटरी जड झाली. एकदम. कोणीतरी आपलं ओझंही वर ठेवल्यासारखी.

स्टूल फिरलं. चर्र करून, अर्धं. हवं तेवढंच.

दुपार

पॅसेजच्या कपाटावर रोजनिशी ठेवून डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला माफी.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दुरून दिसतं. पहिल्यात बाई आली आहे. मध्यम वयाची, साधी, केस घाईत बांधलेले. ओठ घट्ट. पाठ ताठ. बसायची सवय नसलेलं बसणं.

डोळे मिटलेले. सगळ्यांचे पहिल्या फोटोत मिटतात. म्हणून अजून एक.

हिचा फोन आला, स्पीकरवर. ठिपका बारीक झाला आहे. वाटाण्याचा पुन्हा मोहरी. मी म्हणालो, होईल. काय करताय, विचारलं. म्हणालो, आवरतोय.

आणखी एक. मिटलेले. आणखी—

संध्याकाळ

गेला. हिचा ठिपका गेला. फोनवर पेपर वाचून दाखवला, बारीक अक्षरातला, पुढच्या पानावरचा शेअरबाजार. माझ्या जुन्या सदराच्या जागी कुठल्या तेलाची जाहिरात आहे, तीही वाचली. म्हणाली, सदरापेक्षा यात जास्त विनोद आहे. मी खूप हसलो. हात हलला. लगेच सावरला.

म्हणाली, निघाले, भावाने गाडी काढली आहे.

म्हणालो, नको, उद्या ये. फोन कट.

हात खाली येत नाही. धरून ठेवलेला नाही मी. सोडून पाहिला. वरच राहतो. खांदा— आधी भाजत होता, आता काहीच नाही. बॅटरीचे सेल कधीच संपले असणार. उजेड आहे तरी.

ती अजून बसली आहे. डोळे मिटून. घाई नाही तिला. इतकी वर्षं उभी होती, आता बसू दे. कॅमेरा चालूच आहे, मी बंद केलेला—

नंतर

खाली गाडी थांबली. दार वाजलं. हिचा आवाज, काकूंशी काहीतरी.

आत आली की पहिलं काय म्हणेल ते माहीत आहे. अहो, द्या इकडे, तुम्हाला धरता येत नाही. आणि हात पुढे करेल. नेहमी करते.

देणार नाही. काही झालं तरी हिच्या हातात देणार नाही. लग्नापासूनच्या सगळ्या पुढच्या वेळा आज. आज माझी पाळी.

जिन्यात पावलं. आतून कडी लावायला हवी होती, पण हात—

स्टुलावरची बाई मान वर करते आहे. आता डोळे उघडेल. जरा वर धरायला हवं. डोळ्यांवर नको, जरा वर. हां. असं. आता हलायचं ना—